फोटोपुरतं घर

सरकारी विद्यापीठात गरिबांच्या मुलांसाठी जागा राखून ठेवल्या, त्या वर्षापासून जावा बेटावरच्या आमच्या गावातले श्रीमंत झपाट्याने कमी होऊ लागले. मी गावचा चारिक, म्हणजे दप्तर सांभाळून शिक्के मारणारा कारकून. त्यामुळे ही घट माझ्याच हातून नोंदली गेली. पहिल्या वर्षी चार कुटुंबं गरीब झाली, दुसऱ्या वर्षी अकरा. भातगिरणीचे मालक तर एका मंगळवारी सकाळी दहाला गरीब झाले आणि साडेदहाला स्वतःच्या गाडीतून घरी गेले.

गरिबीचा दाखला देणं सोपं होतं. अडचण होती फोटोची. तिसऱ्या वर्षी नियम आला, की अर्जासोबत घराचा फोटो हवा, त्यात भिंत आणि जमीन स्पष्ट दिसावी आणि दारात अर्जदार उभा असावा. आता गावात गरिबी होती, नाही असं नाही, पण फोटोत येईल अशी नव्हती. सरकारी योजनेतून घरोघरी फरशा बसल्या होत्या. बांबूच्या तट्ट्याच्या भिंती आणि मातीची जमीन असं नियमात चपखल बसणारं घर एकच उरलं होतं, इबू पोनियेमचं. योजनेच्या यादीतून तिचं नाव दोनदा गळलं होतं. यादी मीच केली होती.

इबू पोनियेम विधवा बाई. (आमच्याकडे मान म्हणून बाईच्या नावाआधी इबू लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी बापाक.) सोयाबीन आंबवून त्याच्या वड्या, म्हणजे टेम्पे, करून बाजारात विकायची. तिची मुलगी वुर्यानी परीक्षेत सगळ्या तालुक्यात पहिली आली होती आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं. राखीव जागा मिळाली तर डॉक्टर, नाही तर आईशेजारी बसून केळीच्या पानात टेम्पे गुंडाळायचं. मधलं काही नव्हतं.

पहिल्या आल्या सराफाच्या बायको, इबू हेस्ती. सोबत मुलगा.

"पाच मिनिटं तुमच्या दारात उभं राहू का हो आम्ही?"

आम्हा जावाच्या माणसांना पाहुण्याला नाही म्हणता येत नाही. जीव गेला तरी आम्ही हसून "या" म्हणतो.

"या ना, बसा," इबू पोनियेम म्हणाली. "घर साधंच आहे, सांभाळून घ्या."

"अहो, साधं आहे म्हणून तर आलो!" हेस्तीबाई मुलाकडे वळल्या. "घड्याळ काढ. पोट आत घे. बूट काय घातलेस मेल्या, काढ ते! अगंबाई, पाय केवढे गोरे तुझे. जरा मातीत घास."

मग रांगच लागली. एकूण एकोणीस कुटुंबं आली. बोळात गाड्या मावेनात. रिकाम्या हाताने कोणी यायचं नाही, म्हणून प्रत्येकाने बिस्किटांचा डबा आणला. वुर्यानी सगळ्यांना चहा देत होती.

"तुझा अर्ज भरलास का गं?" मी विचारलं.

"गर्दी ओसरली की भरते, बापाक चारिक. आई म्हणते, पाहुण्यांच्या आधी आपण कसं जायचं?"

तिने शेवटच्या दिवशी भरला.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचे पाहणी अधिकारी आले, बापाक हार्योनो. तरुण, अत्यंत नम्र माणूस. कॉम्प्युटरने हरकत घेतली होती.

"इबू, हे घर एकोणीस अर्जांत येऊन गेलंय. तुमच्या मुलीचा अर्ज विसावा."

"पण घर माझंच आहे हो."

"सगळे तेच म्हणतात, इबू." त्यांनी आत डोकावून पाहिलं. "बिस्किटांचे एकोणीस डबे?"

"पाहुण्यांनी आणले."

"पाहुणे कशाने येतात?"

"गाडीने."

'गाडीवाल्यांशी नित्याचे संबंध,' असं त्यांनी वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं.

वुर्यानी पुढे आली. "मला काहीही विचारा. छप्पर कुठे कुठे गळतं ते डोळे मिटून सांगते."

"ते एकोणीस जणांनी अर्जात लिहिलंय, बेटा. अंगावर काटा येईल असं लिहिलंय. तू दोनच ओळी लिहिल्यास."

"दोनच ठिकाणी गळतं," ती म्हणाली.

हार्योनो माझ्याकडे वळले. "बापाक चारिक, दप्तर तुमच्याकडे आहे. घर कोणाचं तेवढं एका ओळीत लिहून द्या, मी इथेच नाव मंजूर करतो."

वुर्यानीने माझ्याकडे पाहिलं. आमच्याकडे मुली मोठ्यांच्या डोळ्यांत बघत नाहीत, ती बघत होती. एकोणीस दाखल्यांवर सही माझी. ती एक ओळ लिहिली असती, तर एकोणीसच्या एकोणीस खोटे ठरले असते, आणि त्यातला सातवा माझ्या मुलाचा, बागासचा होता.

"दप्तर बघून कळवतो," मी म्हणालो.

मला लाज वाटली. अजूनही वाटते. इबू पोनियेमने माझ्यापुढे चहाचा पेला ठेवला आणि म्हणाली, "घ्या बापाक, उन्हातून आलात." मी तो प्यायलो. दप्तर बघितलं नाही.

एकोणीस मुलांना प्रवेश मिळाला. दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवल्याबद्दल वुर्यानीला तीन वर्षं अर्ज करायला बंदी झाली. माझा बागास आता डॉक्टर आहे, शहरात त्याचं नाव आहे. वुर्यानी बाजारात बसते. मी टेम्पे घ्यायला गेलो की दोन वड्या जास्त घालते आणि तब्येत विचारते.

निवृत्त झाल्यापासून ही हकीकत मी बऱ्याच जणांना सांगितली. सगळे हळहळतात. एक बाई तर रडल्या. मग निघताना, दारापर्यंत गेल्यावर, आवाज खाली आणून प्रत्येक जण विचारतो, "ते घर नेमकं कुठे म्हणालात?"

तुम्ही विचारलं नाहीत. तुमची मुलं अजून लहान असतील.