फद् आवाज येईपर्यंत

फद्… फद्… फद्…

पन्नास वर्षांपूर्वीचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. पुस्तकं बांधायच्या दुकानात मी नवा होतो. मागच्या चुलीवर मैद्याची खळ शिजायची आणि मालक पाठमोरा बसून, मान न वळवता सांगायचा, "ढवळत राहा. अजून बोलत नाही ती." मग कधीतरी मोठा बुडबुडा फुटायचा. फद्. "हां, आता उतरव." अशी बोलकी खळ एकदा पुठ्ठ्याला लागली, की पुस्तक फाटेल पण पुठ्ठा सुटणार नाही.

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढची विद्या ही एवढीच. चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली, वाचली तीन. (त्यातलं एक टेलिफोनचं होतं, आणि तेही शेवटपर्यंत नाही.) अशा विद्वानाने म्हातारपणी स्वयंपाकघरात शिरू नये. पण बायको न्हाणीघरात घसरली, उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर घेऊन घरी आली. त्यानंतर दोन दिवसांनी तिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला.

ही थोरली बहीण इस्पितळात मेट्रन होती. निवृत्त झाली असं म्हणतात. आम्हाला तसं कधी जाणवलं नाही.

"तिला मी माझ्याकडे घेऊन जाते," मेट्रन म्हणाली. "सहा आठवडे."

"इथे सगळं नीट चाललंय, ताई."

"करतं कोण?"

"मी."

पलीकडे फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर गेल्याचा आवाज आला.

"रविवारी जेवायला येते," ती म्हणाली. "बघते."

मेट्रन 'बघते' म्हणाली की समोरच्याने बॅग भरायची असते. बायकोने शनिवारीच डाव्या हाताने भरली. कपडे, औषधं, चष्मा. बॅग दाराशी ठेवली. मी ती तीनदा तिथून उचलून आत ठेवली आणि ती तीनदा परत दाराशी आली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली. सहा आठवडे म्हणजे काही फार नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. (स्वतःला काहीही सांगता येतं. ऐकणारा चौथी पास असला की सोपं जातं.)

"जेवणाचं बघा फक्त," बायको म्हणाली. "गोड करायच्या भानगडीत पडू नका. फळं कापून ठेवा."

"नुसती फळं? तुझी बहीण म्हणेल, कापाकापीच्या पुढे गाडी गेली नाही. मी तुझं ते बुडवण करतो."

बुडवण म्हणजे सफरचंद शिजवून, घोटून, साखर, साय, दालचिनी, लवंग घालून केलेलं गोड दाटसर काहीतरी. त्यात फळांच्या फोडी बुडवून खायच्या. हल्ली याला डिप म्हणतात आणि छोट्या वाटीत देतात. बायकोच्या हातचं ते इतकं मऊ व्हायचं, की मी फोडी टाकून नुसतं बुडवणच खायचो.

"अहो, जमायचं नाही ते."

"तुझी पाककृतींची वही आहे ना? तू बाहेर बस. इकडे पाऊल टाकायचं नाही."

रविवारी सकाळी मी वही उघडली. उघडली म्हणजे तिने स्वतःच हातपाय पसरले. कणा निघालेला, शिवण सुटलेली, पानं मोकळी. बाइंडरच्या घरातली वही! वीस वर्षं बायको म्हणत होती, एवढी बांधून द्या. मी म्हणायचो, देतो.

बोटाखाली एकेक अक्षर धरून वाचलं. सफरचंदं सोलली, शिजवली, घोटली. पुढे लिहिलं होतं, 'एक लहान चमचा मैदा पाण्यात कालवून घालावा आणि मंद आचेवर' आणि पान संपलं. पुढचं पान नव्हतं. नंतर एकदम केक.

दुसरा कोणी घाबरला असता. मी नाही. मैदा, पाणी आणि मंद आच! अहो, याच तीन गोष्टींवर मी घर चालवलं. मी ढवळू लागलो आणि कान लावला. पातेलं गप्प. एक लहान चमचा मैदा वाचून मला तर हसूच आलं. एवढ्यात वर्तमानपत्राची पुडीसुद्धा चिकटत नाही. आणखी एक मूठ घातली. गप्पच. मग दुसरी.

"झालं का?" बाहेरून बायको.

"अजून बोलत नाही!"

"कोण?"

"तू बस गं!"

तिसऱ्या मुठीला पातेलं बोललं. फद्. माझे डोळे भरून आले. लवंग मी अंमळ जास्तच घातली. खळीला कीड लागू नये म्हणून आम्ही लवंगेचं तेल घालायचो, ती सवय. (विषारी मोरचूदही घालायचो. तो घातला नाही. एवढी अक्कल शाबूत होती.) वही बायकोला परत दिली. तिने ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली आणि चेन लावली. तो चेनचा आवाज मला आवडला नाही.

बरोबर साडेबाराला मेट्रन आली. मागून साडू, दातांचे डॉक्टर. मेट्रनने फ्रिजच्या माथ्यावरून बोट फिरवलं, गोळ्या मोजल्या, प्लास्टरवर टिचकी मारली. मग जेवायला बसली. भाजी एका बाजूने करपली होती, ती बाजू मी स्वतःकडे वळवून ठेवली होती. भात बरा होता. मेट्रनने ताट पूर्ण संपवलं आणि निकाल ऐकायला मी ताठ बसलो.

"गोडही केलंय?" ती म्हणाली. "भाऊजी, तेवढं जमलं असेल, तर मी पुढे एक शब्द बोलणार नाही."

मी वाटी पुढे ठेवली. दालचिनीचा वास सुटला होता, रंगही झकास. मेट्रनने सफरचंदाची फोड बुडवली आणि उचलली. फोडीबरोबर वाटीही उचलली गेली.

"जरा दाट आहे," मी म्हणालो.

साडू कौतुकाने वाटीखालून वाकून बघू लागले. पण मेट्रन माघार घेणाऱ्यातली नव्हती. तिने वाटी धरली, फोड पिळली, ओढली आणि चांगला मोठा गोळा तोंडात घातला. दोनदा चावला. तिसऱ्यांदा चावायला तोंड उघडलंच नाही.

"म्म्," मेट्रन म्हणाली.

"आवडलं?" मी विचारलं.

"म्म्! म्म्म्!"

साडूंनी चष्मा लावला. "आ कर."

"म्म्."

"होत नाही आ," त्यांनी आम्हाला गंभीरपणे सांगितलं. "वरची कवळी खालच्या कवळीला चिकटून बसलीये." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "दोन्ही कवळ्या मीच बनवल्यात. तीस वर्षांत मला अशी पकड जमली नाही. काय घातलंत?"

"मैदा. सफरचंद. लवंग."

"प्रमाण?"

मेट्रनने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी खिशातून काढलेलं पेन परत ठेवलं.

तेवढ्यात कोणीतरी खुदकन हसलं. बायको! पडल्यापासून पहिल्यांदाच. प्लास्टरचा हात पोटाशी धरून ती हसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं.

मेट्रन उठली. तिने बॅगेकडे बोट केलं, मग बहिणीकडे, मग दाराबाहेर. अर्थ कुणालाही कळला असता. मला तर फारच स्पष्ट कळला.

"काय म्हणतेस ताई?" बायकोने निरागस चेहऱ्याने विचारलं.

"म्म्म्! म्म्!"

"राहू म्हणतेस इथेच?"

"म्म्म्म्म्!"

"बरं बाई. तू एवढा आग्रह करतेस, तर राहते."

साडू खोकले. "कोमट पाणी, मग दवाखाना," ते म्हणाले. "हत्यारं सगळी तिकडे आहेत." आणि मेट्रनला दंडाला धरून घेऊन गेले. दिलेला शब्द तिने पाळला. पुढे एक शब्द बोलली नाही.

दार लागलं. मी टेबलाशी उभाच.

"पुढचं पान वाचलंत?" बायकोने विचारलं.

"नव्हतं पुढचं पान. सुटून पडलं असेल कुठेतरी."

"सुटलंच होतं. आणि टेबल डगमगतं म्हणून घडी करून पायाखाली कोणी घातलं?"

मी वाकलो. टेबल गेले कित्येक महिने अगदी स्थिर होतं. पायाखालून कागद ओढला आणि उलगडला. बोट धरून वाचला. 'चमच्यावरून ओघळेल इतके पातळ असतानाच उतरवावे. गार झाल्यावर आपोआप दाट होते.'

मागे टेबल डगमगलं.

"चुकलंच माझं," मी म्हणालो.

बायको दाराशी गेली. तिने बॅगेला हात घातला, तेव्हा मला वाटलं, ही निघालीच. पण तिने चेन उघडली, वही काढली आणि माझ्यासमोर टेबलावर ठेवली. शेजारी ती बुडवणाची वाटी सरकवली. मग कपाटातून माझा खळ लावायचा जुना ब्रश आणला आणि वाटीत उभा केला. तो आपला आपण उभा राहिला.

मी तिच्याकडे पाहिलं. तिने डाव्या हातात बॅग उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेली.