बाजूची सीट

ड्रायव्हिंग स्कूलच्या नव्या मालकीणबाईंनी सगळ्या शिकवणाऱ्यांची लायसन्स मागितली, तेव्हा मास्तरांनी आपलं सगळ्यांत आधी टेबलावर ठेवलं. ठेवताना जरा आपटलंच. बाईंचे वडील मालक होते तेव्हापासून मास्तर इथे शिकवत होते. खुद्द बाईंना गाडी चालवता येत होती तीही मास्तरांमुळे. आता नव्या गाड्या येणार होत्या, त्यांना गिअर नसणार होता, विम्यासाठी कागदपत्रं लागत होती, हे सगळं ठीक होतं. पण मास्तरांकडे लायसन्स मागायचं म्हणजे माशाकडे पोहण्याचा दाखला मागण्यासारखं होतं.

बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं.

“मास्तर, याची मुदत संपलीय. वर्ष उलटून गेलंय.”

“असं कसं होईल? ते सगळं ती बघते ना...” मास्तर बोलता बोलता थांबले.

घरातल्या ज्या ज्या वस्तूला तारीख असते, ती वस्तू मास्तरांच्या बायकोच्या ताब्यात असायची. दूध, औषधं, विमा, नातेवाइकांचे वाढदिवस आणि मास्तरांचं लायसन्स. तिला जाऊन दीड वर्ष होत आलं होतं. दूध नासलं की वासानं कळतं. लायसन्स नासलेलं कळत नाही.

एवढी मुदत उलटली की नूतनीकरण होत नाही, हे मास्तर स्वतःच दर नव्या वर्गाला ओरडून सांगत असत. आता नवशिक्यासारखं लर्निंग काढायचं, गाडीला लाल ‘एल’ लावायचा आणि परीक्षा द्यायची. तोपर्यंत शाळेच्या गाडीत पाय ठेवायचा नाही. आणि नाहीच जमलं तर? बाईंनी आवाज मऊ करून सांगितलं, की फोनचं टेबल रिकामं आहे.

ते टेबल मास्तरांना माहीत होतं. पाण्याच्या पिंपाला लागून होतं, वर पंखा नव्हता, आणि तिथे बसलेला माणूस पुन्हा गाडीत बसल्याचं शाळेत कुणाला आठवत नव्हतं.

परीक्षेपर्यंत हात बसायला हवा होता. त्यासाठी शेजारी लायसन्सवालं माणूस हवं, आणि घरात तसं माणूस एकच होतं. मुलानं लहानपणी हौसेनं वडिलांकडे शिकायला सुरुवात केली होती आणि तिसऱ्या दिवशी जी बस धरली, ती अजून सोडली नव्हती. राहिली सून. ती शिकली होती, पण समोरच्या शाळेत. शिंप्याच्या सुनेनं शेजारच्या शिंप्याकडून कपडे शिवून घ्यावेत, तसं ते मास्तरांना लागलं होतं. पण तिचंही चुकलं नव्हतं. मास्तरांना शिष्य पाठीमागे ‘हॉर्न’ म्हणत. ते गाडीत असले की गाडीचा हॉर्न वाजवावा लागत नाही, अशी त्यांची कीर्ती होती.

मास्तरांनी संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळी हकिगत सांगितली. सून हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

“म्हणजे, कुणीतरी शेजारी बसायला लागतं,” मास्तर म्हणाले.

“बाबा, सरळ म्हणा ना, शिकव म्हणून.”

“शिकव नाही. नुसती बस.”

“बरं, बसते.”

लर्निंग हातात आलं, लाल ‘एल’ आणला आणि गाडीवरचं कापड निघालं. बायको गेल्यापासून मास्तरांनी घरची गाडी बाहेर काढलीच नव्हती. कापडाची नीट घडी घालून मास्तर सवयीनं बाजूच्या दाराकडे गेले. सूनही त्याच दाराकडे आली. दोघं एकमेकांना ‘तू बस’, ‘तुम्ही बसा’ करत उभे राहिले. शेवटी सुनेनं त्यांना हळूच वळवलं आणि म्हणाली, “बाबा, तुमची बाजू ती.”

ही बाजूची सीट बायकोची. मांडीवर पर्स घेऊन ती बसायची, आणि मास्तरांनी गाडी सुरू केली की म्हणायची, “सावकाश हं.” मग मास्तर म्हणायचे, “मास्तर मी आहे की तू?” हे संभाषण इतक्या वेळा झालं होतं, की मुलगा लहानपणी खुर्चीची गाडी करून खेळायचा तेव्हा दोघांचीही वाक्यं एकटाच म्हणायचा.

मास्तरांनी किल्ली फिरवली आणि गाडी फाटकापर्यंत जाऊन आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू, पुन्हा आचका. शाळेच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी क्लच असतो, ब्रेक असतो, पण वेग वाढवायचं काहीच नसतं. एवढी वर्षं मास्तरांच्या पायांनी एकच काम केलं होतं, ते म्हणजे थांबवणं. पुढे कसं न्यायचं ते पाय विसरून गेले होते.

“आरसा बघा,” मास्तर म्हणाले. “इंडिकेटर द्या. क्लच अर्धा.”

“कुणाला सांगताय?”

“सवय आहे.”

“मग ऐका तरी. इंडिकेटर नाही दिलात.”

एव्हाना गॅलऱ्यांमधून माणसं जमली होती. गल्लीतल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी शिकवलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांना रडवलं होतं. औषधांच्या दुकानदाराला तर ते एकदा म्हणाले होते, की तुमच्या हातात ढकलगाडीसुद्धा देऊ नये. तो दुकानदार आता गिऱ्हाईक सोडून पायरीवर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “लोका सांगे ब्रह्मज्ञान.” पुढचं त्यानं म्हटलं नाही. तेवढं गल्लीनं म्हटलं.

मास्तरांनी दात खाऊन गाडी जोरात काढली. समोर वळण आलं.

“ब्रेक,” सून शांतपणे म्हणाली. गाडी वेळेवर थांबली.

“त्या समोरच्या शाळेत असं हळू आवाजात सांगतात होय?”

“हो.”

“मग ऐकू कसं जातं?”

“ओरडलं नाही की जातं, बाबा.”

त्यानंतर गाडी बंद पडली नाही.

बातमी गावभर झाली. मास्तरच गाडी शिकतायत म्हटल्यावर त्यांच्या जुन्या शिष्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एकजण शाळेत येऊन विचारून गेला, की आमचं शिकणं कच्चं धरायचं का. दुसऱ्यानं पुन्हा परीक्षा द्यावी लागेल या धास्तीनं गाडीच बंद ठेवली आणि बायकोला माहेरी रिक्षानं पाठवलं. समोरच्या शाळेची माणसं तर लाल ‘एल’वाली गाडी जाताना दारात उभी राहून हात हलवू लागली, आणि मास्तरांची सून त्यांना ओळखीनं हात हलवू लागली. मालकीणबाईंनी फोन करून सांगितलं, “मास्तर, आता हे तुमच्या एकट्याचं राहिलं नाही. पास व्हाच.”

परीक्षेचे साहेब शांत होते, किडकिडीत होते आणि फारसं बोलत नव्हते. तोंड उघडायचं नाही, या अटीवर त्यांनी सुनेला मागे बसू दिलं. मास्तरांनी गाडी अशी काढली, की साहेबांच्या मांडीवरचा पेनसुद्धा हलला नाही. आरसा, इंडिकेटर, वळण, सगळं जिथल्या तिथे. मागे सुनेनं मुठी सोडल्या.

मग चढ आला.

चढाच्या मधोमध एक गाडी बंद पडली होती. तिलाही लाल ‘एल’ होता. स्टिअरिंगवर एक बाई होत्या, शेजारी त्यांचा नवरा, आणि नवरा काय बोलत होता ते अख्ख्या चढाला ऐकू येत होतं. बाई गाडी सुरू करत, गाडी मागे घरंगळे, नवरा ओरडे, गाडी बंद पडे. मागे हॉर्नची रांग लागली.

मास्तरांनी थोडा वेळ पाहिलं. मग हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, पट्टा काढला आणि उतरले. साहेब ‘अहो’ म्हणेपर्यंत ते पुढच्या गाडीच्या खिडकीशी पोचलेसुद्धा.

“तुम्ही उतरा,” मास्तर नवऱ्याला म्हणाले. आवाज असा लागला होता, की नवरा विचार करायच्या आत रस्त्यावर उभा होता. मास्तर त्याच्या जागी बसले.

बाईंच्या डोळ्यांना धार लागली होती. “मला नाही जमायचं हे.”

मास्तरांनी ओरडण्यासाठी तोंड उघडलं. पण बाहेर आलं ते असं: “सावकाश हं. घाई कुणालाच नाही.”

हे कोण बोललं म्हणून मास्तरांनी स्वतःच वळून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग ते तसंच बोलत राहिले. क्लच थोडा सोडा. गाडी थरथरली की समजायचं, ती तयार आहे. आता हँडब्रेक. गाडी एक इंचही मागे न येता चढली. बाई इतक्या खूश झाल्या, की वर पोचून थांबल्याच नाहीत. मास्तरांनीही त्यांना थांबवलं नाही. लय लागली असताना शिष्याला तोडू नये, हे त्यांचं जुनं मत होतं, आणि आपली परीक्षा चालू आहे हे ते साफ विसरले होते.

खाली चढावर नवरा रस्त्यात उभा, आणि साहेब बिनड्रायव्हरच्या गाडीत मांडीवर पॅड घेऊन बसलेले. मागचे लोक शिव्या देऊ लागले तेव्हा सून पुढे येऊन स्टिअरिंगवर बसली. नवऱ्यानं खिडकीतून वाकून विचारलं, “मी पण येऊ का? माझं तिकडेच काम आहे.” उमेदवाराचा पाठलाग करायची साहेबांच्या नोकरीतली ती पहिलीच वेळ.

सापडले ते बागेच्या भिंतीशी. बाई गाडी उलटी घेऊन दोन गाड्यांच्या मधे लावत होत्या, आणि मास्तर खाली उभं राहून हातानं दाखवत होते, “अजून थोडं. सावकाश. शाब्बास.” मग त्यांना साहेब दिसले आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

“जितकी चालवलीत तितकी उत्तम चालवलीत,” साहेब म्हणाले. “पण परीक्षा चालू असताना उमेदवार निघून गेला. पास कसं करू?”

“बरोबर आहे,” मास्तर मान खाली घालून म्हणाले. “मीही केलं नसतं.”

साहेबांनी पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. तरी ते घुटमळले. मग सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं, की मास्तर शिकवतात ती शाळा कुठली. त्यांच्या मिसेसना शिकायचं होतं. साहेब स्वतः शिकवायला बसले, की दोघांचं बोलणं चार दिवस बंद पडत होतं.

हात दाखवून अवलक्षण झालं खरं, आणि तो आठवडा मास्तर फोनच्या टेबलाशी बसले. पण चढावरच्या बाईंना खूप मैत्रिणी होत्या. फोन खाली ठेवायला सवड मिळेना, आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा, “ते न ओरडणारे मास्तर तुमच्याकडेच ना?” पहिल्यांदा मास्तरांना वाटलं, राँग नंबर आहे. मालकीणबाईंनी टेबलावर पंखा आणून ठेवला आणि पहिल्या नव्या गाडीची किल्ली त्यांच्या नावानं बाजूला काढली.

दुसऱ्या परीक्षेत मास्तर पास झाले. वाटेत एक गाडी बंद पडलेली दिसली तेव्हा साहेबांनी फक्त त्यांच्या पट्ट्यावर हात ठेवला.

परीक्षेच्या कचेरीतून बाहेर आल्यावर सुनेनं किल्ली पुढे केली. मास्तरांनी ती घेतली नाही. ते वळसा घालून बाजूच्या दाराशी गेले.

“बाबा, आता तुम्हाला येतं चालवता.”

“येतं. पण आज तू चालव.”

मास्तर बसले आणि सवयीनं पाय पुढे केले. पायाखाली काहीच लागलं नाही. ना क्लच, ना ब्रेक. इतकी वर्षं बायको अशीच, पायाखाली ब्रेक नसताना त्यांच्या शेजारी बसून राहिली होती, आणि नुसतं ‘सावकाश हं’ म्हणत होती. मास्तरांनी पाय जवळ घेतले.

सुनेनं गाडी काढली. कचेरीच्या फाटकातून बाहेर वळताना मास्तरांच्या तोंडून गेलंच, “सावकाश हं.”

सुनेनं रस्त्यावरची नजर हलवली नाही. “मास्तर मी आहे की तुम्ही?”

मास्तर हसायला लागले. बऱ्याच दिवसांनी ते असे पोटभर हसले, आणि इतक्या मोठ्यानं, की पुढच्या गाडीवाल्यानं घाबरून वाट दिली.