शत्रूचे वकील

व्हिडिओ गेममध्ये गोळी लागली, की माणूस ती झाडणाऱ्याकडे बघतो. आमचे आप्पा आमच्याकडे बघतात. हातातला कंट्रोलर मांडीवर ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि कोचावर बसलेल्या आम्हा तिघांची तोंडं एकेक करून निरखतात. मग सावकाश विचारतात, "मी त्या झाडामागं हाय हे त्याला कोण सांगितलं?"

आता तो शत्रू म्हणजे पडद्यावरचा एक टोपीवाला शिपाई. त्याला चुगली करायची म्हटली तरी आम्ही ती कशी करणार? पण आप्पांना हे पटत नाही. झाडापलीकडचं दिसतं असं सांगणारी माणसं त्यांनी कोर्टात भरपूर बघितली आहेत, आणि ती सगळी कुणीतरी पढवून आणलेली होती.

आप्पा म्हणजे वसंतराव वकील. बेळगावच्या दिवाणी कोर्टात जमिनीचे दावे चालवण्यात त्यांची हयात गेली. आता काळा कोट कपाटात गेला आहे, पण संशय काही निवृत्त झालेला नाही. मंडईतल्या बाईनं आपणहून कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तर ते ती परत करतात. "का दिलीस? ह्यात कायतरी हाय." कोल्हापूरच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा रिकामी दिसली तर तिथं बसत नाहीत, एवढ्या लोकांनी ती सोडली म्हणजे काहीतरी कारण असणारच. मी त्यांचा शहापुरातला शेजारी, आमच्या घरांची भिंतसुद्धा एक, तरी एकदा त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या तर म्हणाले, "माझी तारीख तुला कुठनं कळाली?"

गेमची ही पेटी त्यांच्या मुलाची. तो नोकरीसाठी बेंगळूरला गेला आणि पेटी इथंच राहिली. बंद केली तरी तिच्यावरचा बारीक दिवा लुकलुकतो म्हणून आप्पांनी ती बरेच दिवस टॉवेलखाली झाकून ठेवली होती. ती नक्की काय करते हे तपासण्यासाठी एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. मी गेम लावून दाखवला. तपास अजून चालू आहे.

पुढं दर रविवारी सकाळी आमची बैठकच बसू लागली. निपाणीचा सुभाष आला. हा तंबाखूचा व्यापारी, आप्पांचा जुना पक्षकार. खानापूरकडचा महादेव आला. हा सरकारी बांधकाम खात्यात. गेम असा की डोंगरातला एक किल्ला घ्यायचा. वाटेत रान, नदी, पूल आणि जागोजागी चौक्या. आपला गडी मेला, की कंट्रोलर पुढच्याच्या हातात द्यायचा. खेळ थोडा आणि वाद फार, असं आमचं काम.

महादेवाला सगळं खरं लागतं. "गोळी लागलेला माणूस पाव खाऊन बरा होतोय? आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात सांगा म्हणावं हे!" सुभाषला सगळं अवघड लागतं. सेटिंग 'हार्ड'वर नसेल तर तो कंट्रोलरला हात लावत नाही. सोपं करून खेळणं म्हणजे त्याला मालात माती मिसळण्यासारखं वाटतं. पण हार्डवरही त्याची तक्रार असतेच. "हार्ड म्हणजे शत्रूला डोकं पायजे. हे नुसतंच मरत न्हाईत. इतक्या गोळ्या खाऊन उभा ऱ्हातोय तो अवघड न्हवं, निर्लज्ज हाय!"

आप्पांचा रोख मात्र शत्रूच्या वागण्यावर. चौकीत गडबड झाली की शिपाई धावत येतो, इकडेतिकडे बघतो आणि 'काही नाही, भास झाला' असं पुटपुटून परत जातो. आप्पा ताडकन उठतात. "जोडीदार मरून पडलाय समोर, आणि ह्याला भास झाला? हा फितूर हाय!" आपल्याला पाचसहा जणांनी घेरलं की त्यातला एकच पुढं येतो, बाकीचे तलवारी परजत नुसते गोल फिरतात. त्यावर आप्पा म्हणाले, "हे बाकीचे कशाची वाट बघूलाल्यात? पुढच्या तारखेची?" आम्ही बेळगावची माणसं, तारखेची वाट बघण्यातलं आम्हाला कोण शिकवणार? तरी हसून हसून सुभाषला ठसका लागला.

आप्पांचा एक हट्ट होता. पेटीत खेळणाऱ्याचं खातं एकच ठेवायचं. महादेव म्हणाला, प्रत्येकाचं वेगळं काढू, म्हणजे ज्याचा त्याचा खेळ, ज्याचं त्याचं सेटिंग. आप्पांनी ते ठाम नाकारलं. एकाच जमिनीला दोन उतारे निघाले की काय होतं, हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. "एक गड, एक खातं. दुसरं काढलं की एक खोटं असतंय." त्यामुळं पेटीत जो कुणी जे काही करील, ते सगळ्यांच्याच खेळात उतरायचं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आता आक्कांबद्दल सांगायला हवं. आक्का म्हणजे आप्पांच्या मंडळी. हायस्कूलमध्ये गणित शिकवायच्या. पास व्हायला अर्धा मार्क कमी पडलेला मुलगा रडत आला तर त्याला पाणी देत, लाडू देत, अर्धा मार्क देत नसत. वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. चालणं-बोलणं सावरलं, पण उजवा हात मांडीवर पडून राहू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आता बोटं हलवली तर हलतील, नाहीतर कायमची तशीच राहतील. पिळायला रबरी चेंडू दिला, तो आक्कांनी खिडकीतून जास्वंदीत फेकला. व्यायाम करवून घ्यायला येणारी मुलगी बोट जरा हललं की "वा, मस्त!" म्हणायची. आक्कांनी तिला दुसऱ्याच दिवशी वाटेला लावलं. "न्हाय हललं तरी मस्त म्हणती. मला खोटे मार्क नकोत." त्यानंतर त्या हाताबद्दल घरात कुणी बोलायचं नाही असं ठरून गेलं. आम्ही खेळायला बसलो की त्या आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून गप्प बसायच्या, आणि आप्पांची निम्मी नजर पडद्यावर न राहता त्या हाताकडे असायची. आप्पा तेवढ्यापुरते संशय घ्यायचे विसरत. त्यांना नुसती भीती वाटत असावी.

पावसाळा सरता सरता एका रविवारी सुभाष खेळता खेळता थांबला. पुलावरची चौकी, जिथं आम्ही महिनाभर डोकी फोडून घेतली होती, ती त्यानं चहा थंड व्हायच्या आत पार केली होती. आनंद होण्याऐवजी त्याचं तोंड उतरलं.

"आप्पा, हे शत्रू सभ्य झाल्यात."

"म्हंजे?"

"मी समोर उभा हाय. तो मला बघतोय. आणि बंदूक आभाळात झाडतोय. कोण तरी सेटिंग खाली आणलंय."

मला वाटलं, झालं! आता आप्पा दार लावून घेणार आणि आमची उलटतपासणी सुरू होणार. कोथिंबिरीच्या एका काडीवर संशय घेणारा माणूस, त्याच्या घरात त्याच्या शत्रूला कुणी मिंधं केलंय म्हटल्यावर सोडतो की काय?

पण आप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "न्हाय रं. आपला हात बसलाय आता. शत्रू हाय तसाच हाय."

महादेव आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो. सुभाष म्हणाला, सेटिंग उघडून बघूया. आप्पा म्हणाले, "कशाला? पुरावा काय तुझ्याकडं? शिपायाचा नेम चुकला म्हंजे तो विकला गेला? माणूस दमतोय, रात्रपाळी असतीया, घरच्या अडचणी असत्यात." पडद्यावरच्या शिपायाच्या घरच्या अडचणी! ज्या माणसानं आजवर प्रत्येक शिपायाला फितूर ठरवलं, तो आज त्याचं वकीलपत्र घेऊन उभा होता. सुभाष चिडून उठला. "खोट्या सेटिंगवर मी किल्ला घ्यायचा न्हाय. तुम्ही शोध लावा, न्हाईतर निपाणीहून माझं येणं बंद." जाताना त्यानं महादेवाकडे जळजळीत नजर टाकली. महादेवानं माझ्याकडे टाकली. मी आप्पांकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, ह्यात कायतरी हाय. तो संसर्ग मलाही झाला होता.

दोन दिवसांनी मी घरी होतो. दुपारी भिंतीपलीकडून गोळीबार ऐकू आला. बैठकीचा वार नव्हे, आम्ही कुणी तिथं नाही, आणि गोळीबार चालू. दुसऱ्या दिवशीही तेच. मला सगळा उलगडा झाला असं वाटलं. आप्पा आमच्या पाठीमागे सोपं करून सराव करत होते आणि रविवारी आम्हाला हात बसल्याच्या गोष्टी सांगत होते! वकील तो वकीलच. मुद्देमालासकट पकडायचं म्हणून मी मागच्या बाजूनं, जास्वंदीच्या कडेकडेनं त्यांच्या खिडकीशी गेलो.

कंट्रोलर आक्कांच्या मांडीवर होता.

डावा हात त्यांनी बाजूला ठेवला होता. उजव्या हाताचा अंगठा कंट्रोलरच्या त्या लहानशा दांडीवर होता आणि तो थरथरत, थांबत, पण पुढं सरकत होता. पडद्यावर आमचा गडी पुलावरून चालला होता, हळूहळू, अडखळत. समोरून टोपीवाला शिपाई आला. त्यानं बघितलं. आक्कांचं बोट बटणापर्यंत पोचायला वेळ लागत होता. शिपायानं एक गोळी आभाळात मारली, एक नदीत मारली, मग तो नुसता उभा राहिला. आप्पा आक्कांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसले होते. मदत करायला हात पुढं जाऊ नयेत म्हणून त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून धरले होते. आणि तोंडानं ओरडत होते, "सांभाळ! लई डांबरट हाय हा! सुभाषला महिनाभर पाणी पाजलंय ह्यानं! माझ्यानं तर झालाच न्हाय!"

आक्कांचं बोट बटणावर पडलं. शिपाई कोसळला. आक्कांनी उजवा हात उचलून तो उलटा-सुलटा करून बघितला. आप्पा घाईघाईनं उठले आणि मागच्या दारानं बाहेर आले. तिथं मी उभा.

त्यांनी मला बघितलं. आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यासारखे क्षणभर थांबले. मग नळ सोडून तोंडावर पाणी मारलं आणि हळूच विचारलं, "बघितलास?"

"व्हय."

"तिला सांगणार?"

"न्हाय, आप्पा."

"तिनं जलमभर कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला न्हाय. माझ्याकडनं घेईल व्हय? एक दिवस तुम्ही गेल्यावर आपण होऊन तिनं ते हातात घेतलं, आणि पहिल्याच चौकीत मेली. कंट्रोलर ठेवून दिलं. मग मी आत बसून सेटिंग बदललो. तिच्याम्होरं हात जोडून उपयोग न्हवता, म्हणून शत्रूच्या म्होरं जोडलो."

"पण रविवारी परत हार्डवर न्यायचं होतं. सुभाषला कळालं नसतं."

"ते मला म्हाईत न्हाय व्हय? पण सोमवारी परत खाली आणायचं माझ्या ध्यानातनं गेलं तर? तिला एकदम गोळ्या बसल्या तर? ती परत हात लावायची न्हाय. भ्या वाटलं मला."

मी म्हणालो, "सुभाषचं मी बघतो. तो समजून घेईल."

आप्पांनी मान हलवली. ओल्या तोंडानं तसेच उभे राहिले. मग इकडंतिकडं बघून, एखादी गुप्त गोष्ट सांगावी तसे माझ्या कानाशी आले.

"झटका आल्यापासनं ती माझ्यासंगं भांडायची बंद झालती रं. मी काय बी बोललो तरी 'बरं' म्हणायची. भाजी खारट झाली म्हटलं तरी बरं, मुलगा सणाला येत न्हाय म्हटलं तरी बरं. घरात मी एकटाच हाय असं वाटायचं. काल ती खेळूलालती आणि मी मधीच बोललो. तर काय म्हणाली सांगू? म्हणाली, 'गप बसा वो जरा, तुम्हाला काय कळतंय त्यातलं!'"

हे सांगताना आप्पांना हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्ही आवरायची त्यांची इच्छा दिसत नव्हती.

आतून आक्कांचा आवाज आला, खणखणीत, वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल असा.

"अहो! कुठं जाऊन बसलासा? हा बघा दुसरा आलाय!"

"आलो, आलो!" म्हणत आप्पा नळ तसाच सोडून आत पळाले.