म्हातारीच्या धुराचं वजन

बसचा धूर मोजायला यंत्र लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आगारातल्या मिस्त्रींपुढे ते बोलू नये!

"यंत्र कशाला? डिझेल किती प्यायली ते सांगा, धूर मी तोंडी सांगतो," मिस्त्री छातीठोकपणे म्हणाले. "लिटर जळलं की दोन किलो सहाशे ऐंशी ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. भागिले किलोमीटर. संपलं!"

"बरोबर," वही घेऊन आलेली तपासनीस पोरगी म्हणाली. "किलोमीटरला किलोच्या वर गेली तर बस भंगारात."

ही बस म्हणजे आगाराची 'म्हातारी'. तिच्यावर त्यांची बायको कंडक्टर होती. तरुणपणी मिस्त्रींनी म्हातारीची घंटी बिघडलेली नसताना तीनदा दुरुस्त केली. चौथ्यांदा बाईंनीच विचारलं, "घंटीचंच काम आहे, की आणखी काही?" आणि लग्न ठरलं!

म्हातारीला वाचवायचं म्हणून मिस्त्रींनी कंबर कसली. टाकी काठोकाठ भरली. स्टेपनी उतरवली, हत्यारांची पेटी उतरवली, चाकांत टम्म हवा भरली. रिकाम्या बसने पन्नास किलोमीटरची फेरी मारायची, परत टाकी भरायची, जेवढं मावलं तेवढं जळलं, की झालं. तपासनीस पुढच्या सीटवर बसली. तेवढ्यात निवृत्त बाई दारातून आत!

"शेवटची फेरी असेल तर मी हवीच."

"अगं, वजन वाढतंय!"

"कुणाचं?"

मिस्त्रींनी निमूटपणे गिअर टाकला. सगळेच आकडे तोंडी सांगायचे नसतात.

पहिल्या थांब्यावर एका आजोबांनी हात केला. मिस्त्रींनी मान फिरवून वेग वाढवला. टिण्! घंटी वाजली आणि इतक्या वर्षांच्या संसाराच्या सवयीने पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"रिकामी न्यायची आहे गं!"

"एकतीस वर्षांत थांब्यावर माणूस सोडला नाही मी. आज सोडू?"

पुढच्या थांब्यावर पाच चढले, त्याच्या पुढे अकरा. "अय्या, मॅडम, तुम्ही परत आलात?" शिवणकामवाल्या काकू ओरडल्या. त्यांची लेक लहानपणी इंजिनाच्या उबदार झाकणावर झोपायची. आता ती स्वतःचं पोर घेऊन चढली आणि झाकण त्याला दाखवू लागली. बाई तर वीस वर्षांनी लहान झाल्या होत्या. "चला, पुढे सरका! मध्ये मैदान मोकळं आहे!" मिस्त्रींनी आरशात तो चेहरा पाहिला आणि त्यांना भरून आलं. इकडे म्हातारी दर थांब्याला डिझेल ढोसत होती!

आगारात टाकी परत भरली. वीस लिटर!

मिस्त्रींनी हिशेब केला. पुन्हा केला. मग बारीक आवाजात म्हणाले, "किलोमीटरला एक किलो बहात्तर ग्रॅम." बहात्तर ग्रॅमनी घात केला होता. बाई घंटीच्या दोरीवरून नुसता हात फिरवत राहिल्या.

"माणसं किती होती?" तपासनीसने विचारलं.

"चढली-उतरली धरून सरासरी साठ," बाई ताडकन म्हणाल्या. कंडक्टरचं डोकं!

"मग माणशी अठरा ग्रॅमसुद्धा नाही! नियमात माणशी मोजायचीही सोय आहे. काका, तुमची एकट्याची मोटारसायकल याच्या तिप्पट ओकते." पोरीने शिक्का मारला. "म्हातारी पास! अट एकच. दर फेरीला साठ प्रवासी हवेत. एक जरी कमी भरला तरी भंगार."

मिस्त्रींनी आनंदाने पोरीचा हात इतका हलवला की तिचं पेन उडालं.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मिस्त्री जरा आडवे झाले रे झाले, की दारात नवा कंडक्टर हजर! "मिस्त्री, चला लवकर, एकोणसाठच भरलेत!"

कुठे जायचं नसतं, काही आणायचं नसतं. तरी मिस्त्री पायात चपला सरकवून निघतात. बाई केव्हाच म्हातारीत खिडकी पकडून बसलेल्या असतात. साठाव्या माणसाला बसायला जागा कुठली? ते आपले उभे!