केतकीसाठी जागा

आमच्या घरातले आठवणींचे सगळे खण भरले होते आणि केतकी आता कुठल्याही दिवशी बोलायला लागली असती. बोललीच तर ते ठेवायचं कुठे, या काळजीनं मला झोप लागत नव्हती. इतर आया मूल बोलत नाही म्हणून काळजी करतात. मला ती बोलेल याची होती.

शेवटी स्मरण खात्यातून मिसाळ आले. चपला दाराबाहेर काढून, भिंतींना कान लावत सगळं घर फिरले आणि म्हणाले, "ताई, एक आवाज काढावा लागेल."

"माझ्या कॉलेजच्या मॅचेस काढा," माझा नवरा आदिनाथ म्हणाला. "सगळ्या काढा. हरलोच होतो."

"त्या चित्रांच्या खणात आहेत, साहेब. आवाजाच्या जागी आवाजच बसतो."

"मग माझा काढा," सासूबाई म्हणाल्या.

"तुमचा रोज नवीन भरतोय, आजी. वापरातला खण रिकामा करता येत नाही." मिसाळ माझ्याकडे न बघता पुढे बोलले, "वापरात नसलेला एकच आहे. ताईंच्या वडिलांचा. फोनवरचं एक वाक्य."

"वापरात नाही कसं? मी रोज भाजी चिरताना ऐकते."

"ऐकता हो. पण त्यात नवीन काही येत नाही ना."

मी बी.एस्सी. आहे, तरी बावळटासारखं विचारलं, "शेजारी ठेवता येईल का, थोडे दिवस?"

"त्यांच्याकडे जुळं आहे."

सासूबाईंनी मिसाळांसमोर चहा ठेवला. "तुझ्या सासऱ्यांचा आवाज मी तू लग्न होऊन आलीस तेव्हाच दिला गं," त्या म्हणाल्या. "सून येणार म्हटल्यावर जागा नको करायला?"

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकी वर्षं मी या घरात बडबडत होते ती कुणाच्या जागेवर, ते तेव्हा कळलं.

"घाबरू नका," मिसाळ म्हणाले. "आम्ही पुसत नाही काही. नुसता खणाचा नंबर काढून घेतो. वाक्य आत तसंच राहतं, वर दुसरं येईपर्यंत. फक्त तुम्हाला तिथे जायचा रस्ता राहत नाही."

"आणि वर दुसरं आलं की?"

"तेवढं झाकलं जातं. शब्द लहान, खण मोठा असला तर मागे थोडं उरतंही. त्याची तक्रार मात्र खातं घेत नाही."

मी शेवटचं एकदा ऐकून घेतलं आणि हो म्हटलं. मिसाळांनी चहा संपवला, नंबर काढला.

आता मला एवढं माहीत आहे: माझे वडील, अण्णा, एस.टी.त कंडक्टर होते. मी प्रवासाला निघाले की त्यांचा फोन यायचा आणि दर वेळी ते एकच विचारायचे. काय, ते माहीत नाही. भाजी चिरताना हल्ली नुसती विळी वाजते.

आणि केतकी काही बोलेना. मला वाटायला लागलं, मी घाई केली. पोरीला ठेवायचंच काही नसेल तर? खात्यात जाऊन विचारलंही. काढलेला नंबर परत देत नाहीत.

काल मी गिरणीतून दळण घेऊन आले. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या वळणावर डबा टेकवून दम खात थांबले. वर आमच्या दारात केतकी सासूबाईंचा पदर धरून उभी होती आणि कठड्यातून खाली वाकून मला शोधत होती.

"आई," ती म्हणाली.

"बोलली गं! आई म्हणाली!" सासूबाई टाळ्या वाजवायला लागल्या.

मी डबा उचलला. केतकीनं तोंड अजून मिटलं नव्हतं.

"कुठवर आलीस, बाळ?"