नरहरकाकांची टेप

नव्या माणसाशी ओळख करून दिली की नरहरकाका काही आठवडे आधी त्याचे कान बघत. शंका आली तर खिशातून शिंप्याची टेप निघे आणि डोक्याचा घेर मोजला जाई.

मलकपेठेतले हे आमचे शेजारी फौजदारी कोर्टात तीस वर्षं पेशकार होते. साहेबांपुढे एवढ्या फायली ठेवल्या, पण माणूस गुन्हा का करतो हा प्रश्न त्यांना पडला तो निवृत्तीनंतर, मुलगा सुधीर आत गेल्यावर. परदेशी नोकरीला निघालेल्या पोरांना तो खोट्या पदव्या छापून देत असे.

काका सुधीरचं नाव काढत नसत. कोठीच्या जुन्या बाजारात जाऊन गुन्ह्यांवरची पुस्तकं आणत. पूर्वी म्हणे गुन्हेगाराच्या अंगात भूत शिरायचं, मग विद्वानांनी कवट्या आणि कान मोजले, पुढच्यांनी दोष उन्हावर, गरिबीवर, दुसऱ्याच्या अनुकरणावर ढकलला. काका दर आठवड्याला एका मताचे होत. उन्हाच्या आठवड्यात भांडणाऱ्या रिक्षावाल्यांना ताक पाजत. अनुकरणाच्या आठवड्यात आमचा नवाकोरा केबल टीव्ही बंद करायला लावत.

माझ्या बहिणीला बघायला कुकटपल्लीचा मुलगा आला तो नेमका कवट्यांच्या आठवड्यात. पोहे खाता खाता त्याच्या डोक्याला टेप लागली.

"क्या की जी, घेर ठीक आहे. कान जरा चिकटलेले आहेत," काका इथल्या दखनी ढंगात म्हणाले.

मुलाकडच्यांना वाटलं, आमच्यात फेट्याचं माप आधीच घेतात. लग्न ठरलं. आम्ही पुढे कित्येक दिवस हसत होतो.

सुधीर सुटायच्या दिवशी काका माझ्या स्कूटरवर मागे बसून तुरुंगाशी आले. दारातून सुधीर बाहेर आला, पाया पडला, आणि काकांनी खिशातून टेप काढली. मला भीतीच वाटली. तुरुंगाच्या दारात पोटच्या पोराची कवटी मोजणार की काय हा माणूस?

सुधीरनं मान खाली घातली. काकांनी टेप त्याच्या गळ्याभोवती धरली, मग खांद्यावर, मग छातीवर. कानांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लिहून घे रे," ते मला म्हणाले. "गळा चौदा. पूर्वी पंधरा होता. आधी शर्ट शिवायला टाकू."

माप लिहून घेत मी विचारलं, "काका, मग कारण सापडलं का?"

"नक्को रे ते आता," टेप गुंडाळत ते म्हणाले. "पोरगा उन्हात उभा आहे."