अर्धा गालिचा आणि तीन मालक

"दुपारच्या जेवणाआधी लोकर परत दुकानात! बिलावर छापलंय मी, पैसे मिळेपर्यंत माल माझा. कंपनी बुडाली म्हणून माझा माल काय बुडतोय होय!"

लोकरवाल्या हाज तय्यबनं हे कैरवान शहराच्या भर बाजारात जाहीर केलं आणि लाल टोपी सारखी करून निघाला. छाती पुढं होती, पण मेंढपाळांचे पैसे अजून द्यायचे होते. हात हलवत परतला, तर उद्या त्यांना काय तोंड दाखवणार!

गालिच्यांची कंपनी बसली, मालक परागंदा झाला. मागं उरला मागावर ताणलेला एक अर्धा गालिचा. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. लोकर तय्यबची.

कारखान्याच्या दाराशी बँकेचा नजीब आधीच हजर होता.

"काका, लोकर होती तोवर तुमची. गाठ बसली की बँकेची! कर्जाचं तारण आहे ते."

"आणि माग माझा!" घरमालकीण लल्ला मनूबिया कडाडली. "भाडं थकलंय! माझा माग मोकळा करा, मग बसा झिंज्या उपटत!"

कोर्टाचे अंमलदार शाकिर कंटाळून म्हणाले, "आधी गालिचा कापून उतरवू. मग कोर्ट ठरवेल कुणाचा ते."

त्यांनी गेल्या आठवड्यात स्वतः लावलेलं लाखेचं सील फोडलं. दार उघडलं. आत विहिरीसारखा गारवा होता, ओल्या लोकरीचा वास होता. आणि शाकिरसाहेब उंबऱ्यातच थिजले.

"मी दार लावलं तेव्हा हा... गुडघ्याएवढा होता."

आता गालिचा कमरेला लागत होता!

"खिडकीतून कुणी आलं असेल," नजीब पुटपुटला.

"खिडकी कुठाय इथं?" लल्ला म्हणाली. "मला तर रोज ऐकू येतं. ठक, ठक. वाटलं, कोर्टाची माणसं असतील. म्हटलं, सरकारात कधी नव्हे ते कुणीतरी काम करतंय, कशाला मोडता घाला!"

वारा नव्हता. तरी दोरीला टांगलेली, गाठी ठोकायची लोखंडी फणी हलत होती, पाळणा हलावा तशी.

तय्यबला आई आठवली. मागावर उभ्या धाग्यांचा ताणा चढला की त्यात जीव येतो, म्हणायची. गालिचा पुरा झाला की त्यावर पाणी शिंपडायची, मरणाऱ्याला ऐकवतात तो कलमा म्हणायची, मग सुरी लावायची. आणि विणताना गुणगुणायची:

ताणा ग बांधीला, जीव ग आला घरा
धीर ग जरा धरा, वाढू द्यावा

शाकिरसाहेबांनी कातर पुढं केली. "जो मालक असेल, त्यानं कापावं."

ही समजूत कैरवानात सगळ्यांनाच ठाऊक होती. अर्ध्या वयाच्या जीवाला मारल्याचं पाप कोण आपल्या माथी घेणार!

नजीब घसा खाकरून म्हणाला, "तसं बघितलं तर काका... लोकर मुळात तुमचीच."

"छे छे! गाठ बसली की बँकेची! तूच म्हणालास!"

"पण माग लल्लांचा—"

"राहू दे बाई माग! जागा काय, पुष्कळ आहे. भाड्याचं बघू कधीतरी!"

सकाळी तीन मालक असलेला गालिचा दुपारी पोरका झाला! शाकिरसाहेबांनी घाईघाईनं कागदावर लिहिलं, 'पुरा होईपर्यंत कोणी हात लावू नये', आणि दाराला नवी लाख लावली.

लाख वाळायच्या आत आतून आवाज आला. ठक. ठक. मग एकदम शांतता.

लल्लानं कुलुपाच्या भोकाला डोळा लावला. हळूच म्हणाली, "लोकर संपलीय."

सगळ्यांनी तय्यबकडं पाहिलं.

जेवणाआधी लोकर दुकानातून हलली खरी, पण उलट्या दिशेनं! डाळिंबी लोकरीचं गाठोडं तय्यबनं स्वतः उंबऱ्यावर ठेवलं. सवयीनं बिल काढलं. 'पैसे मिळेपर्यंत माल माझा' ही ओळ छापलेलीच होती. गिऱ्हाइकाच्या नावाशी मात्र पेन अडलं.

टोपी काढून तो बंद दाराला अदबीनं म्हणाला, "नाव काय घालू जी?"

ठक!

तय्यबनं त्या छापील ओळीवर आडवी रेघ मारली. "बरं, बरं! घरचंच आहे, सवडीनं द्या."